विरोधी बाकावरचा माणूस : कर्मवीर दादासाहेब गायकवाड

विहारात तथागतांची मूर्ती असते, बोधिसत्त्व बाबासाहेबांची तसबीर असते, माता रमाईंची असते. जोतिबा-सावित्रीमाईंचीही आता बहुतेक ठिकाणी लागली आहे. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आम्ही जेवढे विहार पाहिले, त्यांत कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची तसबीर क्वचितच दिसली. तरुण पोरांना विचारावं तर त्यांना हे नाव ठाऊक असतं ते समाजकल्याण खात्याच्या योजनेमुळे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळवून देण्याची ती योजना २००४ साली निघाली आणि तिला दादासाहेबांचं नाव दिलं गेलं. अर्जाच्या डोक्यावर नाव छापलेलं आहे, म्हणून माणूस लक्षात राहिला. पण तो माणूस होता कोण, आणि त्याचंच नाव जमिनीच्या योजनेला का दिलं, हे सांगणारं कोणी नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांचं चरित्र द्यायचं आम्ही ठरवलं.

दुसरंही एक कारण आहे. निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत दोन ठिकाणी सतरंज्या पडतात. एका सतरंजीवर सांगतात की सत्तेबरोबर राहिलो तर कामं होतील, घरकुल मिळेल, पोराला कारखान्यात चिकटवता येईल. दुसऱ्या सतरंजीवर सांगतात की सत्तेच्या विरोधात उभं राहण्यासाठीच बाबासाहेबांनी आपल्याला स्वतंत्र पक्ष दिला. सख्खे भाऊ दोन सतरंज्यांवर बसतात आणि निकालानंतर महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. बंधू-भगिनींनो, हे भांडण आपल्या वस्तीत जन्मलेलं नाही. दादासाहेब या दोन्ही सतरंज्यांवर बसले होते. एकीवर जवळजवळ सारा जन्म, आणि दुसरीवर शेवटची चारेक वर्षं.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. महाराचं घर. वतन नावाला, राबणूक गावाची. शिक्षण फार झालं नाही, आणि पुढे पक्षातल्या वकील-पदवीधर मंडळींनी ही गोष्ट त्यांना विसरू दिली नाही. नाशिकला छत्रपती शाहूंच्या नावाचं जे वसतिगृह होतं, त्याचं काम त्यांनी पाहिलं. खेड्यापाड्यांतली मुलं तिथे राहून शिकत. मुलांच्या जेवणासाठी दाणागोटा गोळा करायचा, कुणाची फी भरायची राहिली तर कुणाच्या तरी दारात जायचं, ही कामं ज्यानं वर्षानुवर्षं केली, त्याला जिल्ह्यातलं गाव न् गाव ठाऊक होतं यात नवल नाही.

१९२७ च्या महाडच्या सत्याग्रहात ते होते. मात्र त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं ते काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानं. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये तो सुरू झाला. बाबासाहेब पुढारी होते, पण रोजचा सत्याग्रह चालवायचा म्हणजे माणसं गोळा करायची, त्यांच्या भाकरीची सोय करायची, तुरुंगात गेलेल्यांच्या बायकापोरांकडे बघायचं. हा सगळा भार भाऊरावांच्या खांद्यावर होता. बाबासाहेब तर गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, लोकांची डोकी फुटली, तुरुंगवास झाले, गावोगाव बहिष्कार पडले. देवाचं दार काही उघडलं नाही. मग १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून कळवलं की आता देवळाचा नाद सोडावा आणि सगळी शक्ती शिक्षण आणि राजकारण यांकडे वळवावी. चार वर्षं ज्या कामात हाडं झिजवली ते काम एका पत्रानं बाजूला ठेवायचं, हे सोपं नव्हतं. दादासाहेबांनी ते ठेवलं. पुढच्याच वर्षी, १९३५ च्या १३ ऑक्टोबरला, त्यांच्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आता राजकारण म्हणजे नेमकं काय करायचं? इथे थोडं थांबून बाबासाहेबांचा विचार सांगितला पाहिजे, नाहीतर दादासाहेबांची पुढची वाटचाल कळायची नाही.

इंग्लंडात दोन पक्षांची रीत जुनी. आधी व्हिग आणि टोरी, मग लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह. एक राज्य करतो, दुसरा समोरच्या बाकावर बसून त्याला जाब विचारतो आणि पुढच्या वेळी राज्य करायची तयारी करतो. मजुरांचा पक्ष तिथे १९०० साली निघाला तेव्हा त्याला कोणी हिशेबात धरत नव्हतं. पण बाबासाहेब १९२० ते १९२३ मध्ये लंडनला शिकत होते, त्याच काळात, १९२२ साली, त्या मजूर पक्षानं लिबरलांना मागे टाकून विरोधी पक्षाची जागा घेतली. १९२४ मध्ये तर त्याचा पंतप्रधान झाला. खाणीतल्या आणि गिरणीतल्या माणसांचा पक्ष बावीस-चोवीस वर्षांत दोन मोठ्यांपैकी एक होऊन बसला. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर घडलेली ही गोष्ट. त्यांनी १५ ऑगस्ट १९३६ ला पक्ष काढला, त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष ठेवलं. नावात जात नव्हती. शेतकरी, शेतमजूर, कामगार सगळे यावेत ही त्यामागची दृष्टी होती.

१९३७ च्या निवडणुकीत या पक्षाचे सतरापैकी बहुतेक उमेदवार मुंबई विधानसभेत गेले. भाऊराव त्यांतले एक. सरकार काँग्रेसचं, बाळासाहेब खेरांचं. बाबासाहेब आणि त्यांची माणसं विरोधी बाकावर. खोती नष्ट करण्याचं बिल बाबासाहेबांनी त्याच वर्षी मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर नेला. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणारा कायदा आला, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. महार वतनाचा प्रश्न तर बाबासाहेब १९२८ पासून लावून धरत होते. विरोधी बाकावर बसून काय करायचं असतं, याचा पाठ भाऊरावांनी त्या नऊ वर्षांत गिरवला. १९४६ पर्यंत ते विधानसभेत होते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांची संख्या पाहिली तरी कळतं, की या माणसावर त्यांचा किती भरवसा होता.

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघालं. नाव बदललं आणि पक्षाचं अंगण लहान झालं. त्या वेळच्या परिस्थितीत ते करावं लागलं, हेही खरं. पण १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली आणि गणित उघडं पडलं. देशात काँग्रेसला मतं पडली शंभरात पंचेचाळीस. म्हणजे शंभरातल्या पंचावन्न माणसांनी काँग्रेसला मत दिलं नव्हतं. तरी ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला. कारण आपली पद्धत अशी की, ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. विरोधक चार ठिकाणी वाटले गेले की पंचेचाळीसवाल्याचं राज्य. मुंबई राज्यात ३१५ पैकी २६९ काँग्रेसचे. फेडरेशनचे एकटे बी. सी. कांबळे. आणि खुद्द बाबासाहेब, ज्यांनी घटना लिहिली, ते मुंबईत पडले. १९५४ ला भंडाऱ्यातही पडले. आपल्या म्हाताऱ्या माणसांना त्या पराभवाची सल मरेपर्यंत होती.

त्याच १९५२ च्या २२ डिसेंबरला पुण्यात, जिल्हा लॉ लायब्ररीत, बाबासाहेबांनी वकिलांपुढे एक व्याख्यान दिलं. लोकशाही नीट चालायला काय काय लागतं, हा विषय. समाजात पराकोटीची विषमता नको, ही पहिली गोष्ट त्यांनी सांगितली. लगेच पुढे विरोधी पक्ष. पाच वर्षांनी एकदा मत देऊन सरकार बदलता येतं, एवढ्यानं भागत नाही; जे चाललंय त्याला तिथल्या तिथे, सभागृहातच, आव्हान देणारं कोणीतरी पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. इंग्लंड आणि कॅनडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. आपल्याकडची वर्तमानपत्रं जाहिरातींच्या पैशामुळे सरकारचीच बाजू जास्त छापतात, असाही टोला हाणला. आपल्या देशात लोकसभेत रीतसर मान्यता मिळालेला विरोधी पक्षनेता १९६९ पर्यंत नव्हता आणि त्याच्या पगाराचा कायदा १९७७ ला झाला. म्हणजे बाबासाहेब पुण्यात बोलले त्याला पंचवीस वर्षं झाल्यावर.

यातून १९५६ चा निर्णय आला. सप्टेंबर अखेरीला दिल्लीत फेडरेशनच्या कार्यकारिणीत ठरलं की फेडरेशन विसर्जित करून सर्वांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढायचा. राममनोहर लोहियांशी पत्रव्यवहार चालू होता. पंधरवड्यात नागपूरची धम्मदीक्षा झाली. आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला, चितेच्या साक्षीनं, लाखावर लोकांनी दीक्षा घेतली. दीक्षेला दोन महिने झाले नव्हते आणि नवा पक्ष अजून कागदावरच होता. समोर निवडणूक. दादासाहेब तेव्हा चौपन्न वर्षांचे होते.

निवडणुकीचा बेत मात्र बाबासाहेब असतानाच ठरला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर जायचं. समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यातच स्थापन झाली होती. तिच्यात कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि आपलं फेडरेशन. डांगे, एस. एम. जोशी, अत्रे, उद्धवराव पाटील आणि दादासाहेब एका व्यासपीठावर. एरवी ही मंडळी एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. भाषेच्या प्रश्नावर एकत्र आली आणि मराठी मुलखात प्रथमच असं झालं की, मतदारापुढे दोनच बाजू राहिल्या. काँग्रेस, नाहीतर समिती.

निकाल काय लागला ते पाहा. मुंबई राज्याच्या विधानसभेत फेडरेशनचे एकाचे तेरा झाले. शेतकरी कामगार पक्षाचे चौदाचे एकतीस. दादासाहेब स्वतः नाशिकमधून लोकसभेवर गेले. आपल्या पुणे जिल्ह्यात पुणे शहरातून समितीचे नानासाहेब गोरे निवडून आले आणि खेड मतदारसंघातून फेडरेशनचे बाळासाहेब साळुंके. खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या त्या टापूनं आपल्या पक्षाचा माणूस दिल्लीला पाठवला, ही गोष्ट आजच्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही. बाबासाहेबांना जे हयातीत मिळालं नाही ते त्यांच्या माघारी चार महिन्यांत मिळालं, कारण या वेळी विरोधाची मतं एका ठिकाणी पडली.

आता आपल्या भागाकडे येऊ. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा. त्याचं पाणी बारामतीवरून इंदापुरात गेलं. जिरायतीची बागायत झाली, ऊस आला, कळंबला वालचंदनगर वसलं आणि पुढे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगरला सहकारी कारखाने उभे राहिले. ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे पाटाचं पाणी, ज्याच्याकडे पाणी त्याच्याकडे ऊस, आणि ऊस असला की कारखान्याचा सभासद, सोसायटीचा सभासद. आपल्या माणसाकडे काय होतं? वतनाचा तुकडा. तोही भाऊबंदकीत चिंध्या झालेला, आणि कित्येक ठिकाणी दुसराच कसत असलेला. महार वतन कायद्यानं संपलं. १९५८ चा कायदा, १९५९ पासून लागू. वेठ गेली, येसकराची काठी गेली, हे फार मोठं झालं. जमीन मात्र साऱ्याच्या पटीत पैसे भरून नव्या शर्तीनं परत घ्यायची होती. ज्यांना जमलं त्यांनी घेतली. मुदतीत ज्यांना पैसे भरता आले नाहीत त्यांचं काय झालं, ते जुने सातबारे काढून बघावेत.

म्हणून आम्हाला १९६० ची बारामतीची पोटनिवडणूक फार बोलकी वाटते. बारामतीचे खासदार केशवराव जेधे १९५९ च्या नोव्हेंबरात वारले. हे केशवराव म्हणजे आधी ब्राह्मणेतर चळवळीतले, मग काँग्रेसमधले, मग शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांतले, आणि १९५४ ला पुन्हा काँग्रेसमध्ये परतलेले. बाबासाहेबांनी १९२६ साली पुण्याच्या कोर्टात त्यांची आणि दिनकरराव जवळकरांची बाजू मांडून त्यांना सोडवलं होतं, हेही आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं. पोटनिवडणुकीत काँग्रेसनं केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव यांना उभं केलं. समोर शेतकरी कामगार पक्षाचे वसंतराव पवार, त्यांच्या पाठीशी समिती. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार तेव्हा पुण्यात कॉलेजात होते. त्यांनी सख्ख्या भावाच्या विरोधात काँग्रेसचा प्रचार केला. गुलाबराव निवडून आले. म्हणजे दोन पक्षांचं राजकारण बारामतीत इतकं पक्कं झालं होतं, की ते एका घराच्या चुलीपर्यंत पोहोचलं. २०२४ च्या लोकसभेला त्याच घराण्यातल्या नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी जगावेगळं काही घडल्यासारखं लिहिलं. जुन्या लोकांना त्याचं एवढं नवल वाटलं नसावं.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. त्या १९६० च्या लढतीत दोन्ही बाजूंचे उमेदवार जमीनवाल्या समाजातले होते. एका बाजूला काँग्रेस आणि सोसायट्या, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याच्या नावाचा पक्ष. दोघांचीही भाषा उसाच्या भावाची आणि पाण्याच्या पाळीची. ज्याच्याकडे ऊसच नाही, जो दुसऱ्याच्या फडात कोयता घेऊन उभा आहे, त्याचा प्रश्न कोणत्या बाजूनं मांडायचा? दोन बाजू असल्या म्हणजे तिसऱ्याचं गाऱ्हाणं आपोआप ऐकलं जातं असं नाही. दादासाहेबांना हे नाशिकमध्ये कळलं होतं, इथे ते जसंच्या तसं लागू पडतं.

रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात स्थापन झाला. अध्यक्ष एन. शिवराज. दोन वर्षं झाली नाहीत तोच भांडण. एका बाजूला बी. सी. कांबळे आणि शिकलेली मंडळी. त्यांचं म्हणणं असं की बाबासाहेबांच्या घटनात्मक मार्गानंच चाललं पाहिजे, आणि दादासाहेब कम्युनिस्टांच्या संगतीनं मोर्चे-सत्याग्रहांच्या मागे लागले आहेत. दुसऱ्या बाजूला दादासाहेब, धोतर नेसणारे, खेड्यातल्या माणसांत रमणारे, ज्यांना वाटायचं की भूमिहीनाला जमीन मिळाल्याशिवाय घटनेतले हक्क गावात उतरायचे नाहीत. कांबळ्यांनी दुरुस्त गट काढला. मग साहजिकच उरलेल्यांना लोक नादुरुस्त म्हणू लागले. कांबळ्यांची विद्वत्ता कोणी नाकारू नये. पण १९५९ मध्ये भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहाला उतरले ते दादासाहेबच.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि समितीचं काम संपलं. ज्या दोरीनं मोळी बांधली होती ती सुटली. १९६२ ला महाराष्ट्रात काँग्रेस २१५, एकूण जागा २६४. रिपब्लिकन तीन. गंमत अशी की, त्याच वर्षी उत्तर प्रदेशात रिपब्लिकन पक्षाचे लोकसभेवर तीन खासदार गेले, कारण तिथे चर्मकार आणि मुसलमान एकत्र आले होते. दादासाहेब १९६२ ला राज्यसभेत गेले आणि १९६८ पर्यंत तिथे होते.

आणखी एक अडचण होती, जिचा उल्लेख फारसा होत नाही. आपण बौद्ध झालो आणि कायद्यानं अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. राज्यात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं १९६० मध्ये बौद्धांना शिक्षण-नोकरीच्या सवलती दिल्या, ते मोठं काम झालं. पण विधानसभा-लोकसभेची राखीव जागा बौद्ध माणसाला लढवता येत नव्हती. नागपूरकडच्या राखीव जागेवर १९६२ ला निवडून आलेल्या मेश्राम यांची निवड, ते बौद्ध झाले आहेत या कारणावरून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६४ ला रद्द ठरली. म्हणजे ज्यानं प्रामाणिकपणे धम्म घेतला आणि कागदावर लिहिला, त्याला खुल्या जागेवर, गावातल्या सगळ्यांची मतं मागूनच निवडून यायचं होतं. ती मतं कोण देणार? मित्रपक्षांच्या उमेदवाराला आपली वस्ती एकगठ्ठा मत द्यायची, पण आपला उमेदवार उभा राहिला की मित्रपक्षाच्या गावची मतं वाटेतच गळायची. ही तक्रार त्या वेळच्या रिपब्लिकन कार्यकर्त्यांच्या तोंडी सगळीकडे होती. आपल्याकडेही.

दादासाहेबांनी याला उत्तर दिलं ते सभागृहात नव्हे, रस्त्यावर. १९६४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे मागण्या ठेवल्या. पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे भाव बांधा. बौद्धांना केंद्राच्या सवलती द्या. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. ६ डिसेंबर १९६४ ला, महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली. बाया लेकरं काखेत घेऊन गेल्या. तुरुंगांत जागा उरली नाही. एवढा मोठा भूमिहीनांचा लढा स्वतंत्र भारतात तोवर झाला नव्हता, आणि तो करणाऱ्या पक्षाचे महाराष्ट्र विधानसभेत तीन आमदार होते. तीन आमदारांनी जे झालं नसतं ते तीन लाख माणसांनी केलं. सरकारनं जमीन वाटपाची आश्वासनं दिली. काही ठिकाणी गायरानं मिळाली. बाकी मागण्या राहिल्या.

आणि मग १९६७. फेब्रुवारीच्या निवडणुकीत महाराष्ट्रात २७० पैकी काँग्रेस २०३, रिपब्लिकन पाच. देशात मात्र वारं फिरलं होतं. आठ-नऊ राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली, लोकसभेत ती ५२० पैकी २८३ वर आली. नेमकी अशा वेळी, विरोधी पक्षांना पहिल्यांदा धग मिळत असताना, दादासाहेबांनी यशवंतरावांशी समझोता केला आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका काँग्रेसबरोबर लढवल्या.

ज्या माणसानं तीस वर्षं काँग्रेसच्या समोर बसून काढली त्यानं हा हात का मिळवला? विरोधक म्हणतात, सत्तेला भुलले. आम्हाला ते पटत नाही. पासष्टीचा माणूस, गाठीला काही न बांधलेला. त्यांना भुलायचं असतं तर आधी कितीतरी संधी होत्या. आमच्या मते हिशेब सरळ होता. विरोधी आघाडीत आपली मतं जातात, येत नाहीत. राखीव जागा लढवता येत नाही. जमीन वाटायची ती तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत काँग्रेसच्या हातात. जिल्हा परिषद १९६२ पासून गावच्या शाळेची, विहिरीची, रस्त्याची मालक झालेली. तिथे आपला माणूस बसला तर महारवाड्यात नळ येईल. बारामती-इंदापूरच्या खेड्यात राहणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. तोवर काँग्रेसला आपली मतं मिळवण्यासाठी वस्तीत यावं लागत होतं. समझोत्यानंतर ती मतं ठरलेल्या खात्यात जमा झाली. पुढारी गटागटानं वेगळे झाले, बॅरिस्टर खोब्रागडे एकीकडे, दादासाहेब-गवई दुसरीकडे. १९७१ च्या लोकसभेत काँग्रेसबरोबरच्या समझोत्यातून पक्षाच्या पदरात एक जागा पडली. एवढ्या मोठ्या देशात एक. या एका जागेचा राग तरुणांच्या डोक्यात बसला. दादासाहेब स्वतः यावर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. त्यांना १९६८ ला पद्मश्री मिळाली होती, प्रकृती ढासळली होती. २९ डिसेंबर १९७१ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पाच महिन्यांनी, १९७२ च्या मे महिन्यात, मुंबईत दलित पँथर निघाली.

पुढचं बहुतेकांनी पाहिलेलं आहे. १९७७ ला बारामतीतून जनता पक्षाचे संभाजीराव काकडे निवडून आले. १९७८ ला शरद पवारांनी पुलोद केलं, १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि महाराष्ट्रात पुन्हा दोन बाजू झाल्या. १९९८ ला आपले चार नेते, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे, काँग्रेसशी समझोता करून चारही खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. दादासाहेबांचा १९६७ चा हिशेब तेवढ्या एका वेळी पूर्ण जमला. गावची मतं त्या वेळी गळाली नाहीत. चौघे एकत्र असते तर पुढे काय झालं असतं यावर आपल्या कट्ट्यावर अजून वाद होतात. २०२२ आणि २०२३ मध्ये तर मोठमोठे पक्षच दुभंगले आणि कोण सत्तेत, कोण विरोधात, हे आठवड्याआठवड्याला विचारावं लागू लागलं. आता नुसत्या आमच्याच फाटाफुटीला हसायचं कारण कुणाला उरलेलं नाही.

राहिल्या त्या १९६४ च्या मागण्या. १९८९ च्या अखेरीला दिल्लीत काँग्रेस विरोधी बाकावर गेली आणि विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार आलं. त्या सरकारनं १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती दिल्या, राखीव जागा लढवण्याच्या हक्कासह. त्याच वर्षी १२ एप्रिलला संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं. दादासाहेबांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं उलटली होती. त्यांची तिसरी मागणी, जमिनीची, अजून योजनेच्या अर्जावर आहे. तालुक्यात विकायला बागायत जमीन निघत नाही, निघाली तर सरकारी दरात कोणी देत नाही, म्हणून कित्येकांचे अर्ज वर्षानुवर्षं कचेरीत पडून असतात.